वाचक विचारतात : १ ऑगस्ट

मागच्या अंकात दिनविशेषांबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत एकाच तारखेची चौकशी इतकी होती, की या वेळचं सदर तिलाच दिलं. मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. सकाळी कुलूप उघडलं की आधी दारातला फळा पुसायचा आणि त्या दिवसाचा दिनविशेष लिहायचा. १ ऑगस्टला फळा पुरत नसे. त्यामुळे या तारखेवर माझा जरा जास्तच जीव आहे.

आमच्या शाळेत १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती एकत्र होते. एका टेबलावर दोन तसबिरी, दोन हार आणि मुलांच्या भाषणांत दरवर्षी तेच : ‘एक सूर्य मावळला, त्याच दिवशी दुसरा उगवला.’ याच्या पुढे जाऊन मुलांना काय सांगू?
— एक शिक्षिका, कराड

ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. दोघांचं सालही एकच, १९२०. टिळक गेले मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. अण्णाभाऊ जन्मले वाटेगावात, वाळवा तालुक्यात. एकाचा मृत्यू आणि दुसऱ्याचा जन्म एका दिवशी आला हा योगायोग. त्याला शकुन बनवलं की मुलं टाळ्या वाजवतात आणि दोघांपैकी एकाचीही ओळख न होता घरी जातात. या दोघांत सूर्याचांदण्यांपेक्षा पक्का धागा आहे आणि तो मुंबईच्या गिरणगावातून जातो.

जुलै १९०८. राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला, दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्या निकालावर संप केला, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असा सहा दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली. हे कामगार बहुतेक कोकणातून आणि घाटावरून आलेले, ज्यांना सही करायचीही मारामार. पगारवाढीची मागणी नव्हती, बोनसची नव्हती. एका राजकीय कैद्यासाठी हातावर पोट असलेल्या माणसांनी सहा दिवसांची मजुरी सोडली. तिकडे लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेतली आणि हिंदुस्थानातला कामगार जागा झाला असं लिहिलं.

आता वाटेगावकडे या. तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचं कागदावरचं नाव. घर मातंग समाजाचं, शाळा जेमतेम दीड दिवसाची. पुढं काही वर्षांनी हे कुटुंब वाटेगावाहून मुंबईला पायी आलं, वाटेत मिळेल ते काम करत. मुंबईत अण्णाभाऊंनी हमाली केली, पडेल ते काम केलं आणि गिरणीतही राबले. ज्या कामगारांच्या आधीच्या पिढीने टिळकांसाठी संप केला होता, त्यांच्याच वस्तीत हा मुलगा वाढला. पोस्टर आणि दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकला, कम्युनिस्ट झाला, आणि १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. १९०८च्या संपाची दखल घेणाऱ्या लेनिनच्या देशावर याने पुढे पोवाडा रचला, स्टालिनग्राडच्या लढाईचा. नंतर १९६१ साली तो स्वतः तिथे जाऊन आला. आज मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा आहे, २०२२ साली बसवलेला. ग्रंथालयात! दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाचा! ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी माझा आवाज भरून येतो.

मुलांना हे सांगा. १९०८चे सहा दिवस सांगा आणि वाटेगावपासून मुंबईचा रस्ता नकाशावर बोटाने फिरवून दाखवा. तुम्ही कराडच्या, वाटेगाव तुमच्यापासून हाकेवर आहे. जमलं तर वर्गच घेऊन जा.

आणि एक गोष्ट तुमच्या भागाची. अण्णाभाऊंच्या जन्मावेळी वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. संस्थानं विलीन झाल्यावर दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, त्याचंच नाव पुढे १९६० साली सांगली पडलं. तो जिल्हा अस्तित्वात आला १ ऑगस्ट १९४९ला. म्हणजे अण्णाभाऊंच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी त्यांच्या गावाचा जिल्हा बदलला. हीच तारीख का, ते खाली एका शेतकरी वाचकाच्या उत्तरात येईल.

शेवटी एक आग्रह. कार्यक्रम एकत्र ठेवा, पण वेळ अर्धा-अर्धा वाटू नका. एका वर्षी सगळा वेळ टिळकांना, पुढच्या वर्षी अण्णाभाऊंना. दहा मिनिटांत दोन मोठी माणसं बसवायला गेलं की फक्त जन्मतारखा उरतात. आणि अण्णाभाऊंच्या वर्षी ‘फकिरा’तलं एखादं पान मोठ्याने वाचून घ्या. भाषण पाठ करण्यापेक्षा ते मुलांच्या जास्त लक्षात राहतं.

लोकमान्य ३१ जुलैला गेले की १ ऑगस्टला? माझे आजोबा त्या वेळी मुंबईत होते. ते नेहमी ‘शनिवारी रात्री’ म्हणायचे. १ ऑगस्ट १९२०ला तर रविवार येतो.
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

तुमचे आजोबा बरोबर होते आणि कॅलेंडरही बरोबर आहे. मृत्यू झाला तो मध्यरात्र उलटून गेल्यावर, पाऊण वाजायच्या सुमारास. इंग्रजी तारीख रात्री बारा वाजता बदलते, म्हणून १ ऑगस्ट, रविवार. आपला वार बदलतो सूर्योदयाला. पंचांग पाहणाऱ्या त्या पिढीच्या हिशेबात सकाळ होईपर्यंत शनिवारच चालू होता. जुन्या पत्रांत आणि आठवणींत असा एका दिवसाचा फरक दिसला तर लिहिणाऱ्याला चुकीचं ठरवण्याआधी घटना रात्रीची होती का, ते बघावं.

मुंबईच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, तो मला फार आवडतो. १९०६पासून देशाची प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईकरांनी ती मनापासून घेतली नाही. शहरात ‘बॉम्बे टाइम’ही चालू राहिला, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि तो १९५५ सालापर्यंत टिकला. त्यामुळे त्या काळातली मुंबईची वेळ वाचली की ती कोणत्या घड्याळाची, हे विचारावं लागतं. बहुतेक ठिकाणी लोकमान्यांच्या मृत्यूची वेळ १२ वाजून ४० मिनिटं अशी दिली जाते. ती प्रमाणवेळ धरली तर मुंबईच्या जुन्या वेळेप्रमाणे तेव्हा १२ वाजून १ मिनिट झालं होतं. म्हणजे तारीख बदलून एकच मिनिट! ती मुंबईची वेळ धरली तर प्रमाणवेळेने सव्वा वाजून गेलेला. दोन्हीकडून १ ऑगस्टच येतो, पण एका बाजूने किती काठावरून!

दिवस उजाडल्यावर जे झालं त्याबद्दल मात्र वाद नाही. भर पावसात लाखो माणसं रस्त्यावर उतरली. अंत्यसंस्कार नेहमीच्या स्मशानात नाही, खास परवानगी काढून गिरगाव चौपाटीवर झाले. देह पद्मासनात बसवलेला होता. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते, शौकत अली होते, डॉ. सैफुद्दीन किचलू होते. तुमचे आजोबा त्या गर्दीत असतील तर त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून काढा, कृपा करून. घरातल्या अशा आठवणी कागदावर येत नाहीत तोवर त्या एका माणसाच्या आयुष्याइतक्याच टिकतात.

गांधीजींनी असहकाराची चळवळ टिळकांच्या निधनामुळे १ ऑगस्टला सुरू केली, असं एका स्पर्धा परीक्षेच्या वर्गात सांगितलं. खरं का?
— एक विद्यार्थी, लातूर

नाही. १ ऑगस्ट ही तारीख आधीच जाहीर झालेली होती. खिलाफतीच्या प्रश्नावर त्या दिवशी हरताळ, उपवास, प्रार्थना करायची आणि असहकाराला आरंभ करायचा, असं ठरलेलं होतं. त्याच तारखेचं पत्र लिहून गांधीजींनी व्हाइसरॉय चेम्सफर्डला आपलं कैसर-ए-हिंद पदक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दोन लढायांत सेवेबद्दल मिळालेली पदकं परत केली. टिळक नेमके त्याच पहाटेआधी गेले. काँग्रेसची मान्यता यायची होती. ती सप्टेंबरात कलकत्त्याच्या खास अधिवेशनात मिळाली आणि डिसेंबरात नागपूरला पक्की झाली. टिळकांच्या नावाशी चळवळीचा खरा संबंध पुढच्या वर्षी जुळला तो टिळक स्वराज्य फंडामुळे, ज्यासाठी एक कोटी रुपये जमवायचे ठरले. परीक्षेत लिहिताना ‘मुळे’ आणि ‘त्याच दिवशी’ यांत गल्लत करू नकोस. इतिहासात सगळ्यांत जास्त अपघात त्याच वळणावर होतात.

आम्ही झुरिकजवळ राहतो. १ ऑगस्ट हा इथला राष्ट्रीय दिवस, डोंगराडोंगरावर होळ्या पेटतात. मुलगी विचारते, १२९१ सालची नेमकी तारीख यांना कशी माहीत?
— एक मराठी कुटुंब, स्वित्झर्लंड

मुलीला माझी शाबासकी द्या. नेमकी तारीख त्यांनाही माहीत नाही! उरी, श्वीझ आणि उंटरवाल्डन या तीन खोऱ्यांनी एकमेकांच्या मदतीला धावून जाण्याचा जो करार केला, तो लॅटिनमध्ये आहे आणि त्यावर फक्त ‘ऑगस्ट महिन्याच्या सुरुवातीला, १२९१’ एवढंच लिहिलेलं आहे. दिवस नाही. ते कातडी पान श्वीझ गावच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे, तुम्हाला जाऊन बघता येईल. त्याआधी कित्येक पिढ्या लोक वेगळीच तारीख सांगत होते, ८ नोव्हेंबर १३०७. ती चुडी नावाच्या सोळाव्या शतकातल्या इतिहासकाराने दिलेली. १८९१ साली कराराला सहाशे वर्षं होत होती, उत्सव करायचा होता, म्हणून ‘सुरुवातीला’ याचा अर्थ पहिली तारीख असा धरला. देशभर सुट्टी तर १९९३ सालच्या जनमतानंतर, १९९४पासून मिळू लागली.

मुलीला यावर आपल्याकडचं उदाहरण द्या. शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, यावर किती वर्षं वाद चालला! तो फिरला एका जुन्या घराण्याच्या टिपणांमुळे. कारीच्या जेधे देशमुखांची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार आणि शिवनेरी अशी स्वच्छ नोंद होती. ‘शिवभारत’ या त्या काळच्या संस्कृत काव्याने तिला दुजोरा दिला. त्यावरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आली, तीही त्या वेळच्या इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च येतो. राज्याभिषेकाचंही तसंच, ६ जून १६७४ म्हणजे आजच्या हिशेबाने १६ जून. शकावली लिहिणाऱ्या जेध्यांच्या घरातल्या त्या अनाम माणसाचे उपकार मला टिळकांइतकेच वाटतात. घडेल ते घडेल तसं टिपून ठेवलं त्याने, पुढे कुणाला लागेल याचा विचारही न करता.

ऑक्सिजनचा शोध १ ऑगस्ट १७७४चा असं पुस्तकात आहे. शोध एका दिवसात कसा लागेल?
— इयत्ता नववी, नाशिक

लागत नाही, बाळा. पण तारीख खरी आहे, कारण जोसेफ प्रीस्टलीने ती स्वतः लिहून ठेवली. इंग्लंडातल्या विल्टशायर परगण्यात त्या दिवशी त्याने मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याच्या लाल भस्मावर सोडले. निघालेल्या वायूत मेणबत्ती धरली तर ती भलतीच तेजाने जळू लागली. आपल्याला काय सापडलं हे त्याला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. स्वीडनमध्ये शीलेने हा वायू त्याच्याही आधी मिळवला होता, मात्र त्याचं पुस्तक निघालं १७७७ साली. आणि वायूला नाव दिलं, त्याचं काम समजावलं, ते फ्रान्सच्या लाव्हाझिएने. तीन देशांतली तीन माणसं, आणि पुस्तकात एक तारीख. तू प्रयोगवही लिहितेस तेव्हा वरच्या कोपऱ्यात तारीख घालायला सर का सांगतात, ते आता कळलं ना?

तलाठी कार्यालयात १ ऑगस्टला ‘महसूल दिन’चा फलक लागतो. सरकारचं वर्ष एप्रिलला, आमचं पाडव्याला. महसुलाचं ऑगस्टात का?
— एक शेतकरी, दिग्रस

तुम्ही कोरडवाहूवाले, तर उत्तर तुमच्या शेतातच आहे. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं चालतं आणि ते इंग्रजी अमदानीपासून. ऑगस्ट लागेपर्यंत खरिपाची पेरणी उरकलेली असते, पाऊस कसा आहे याचा अंदाज आलेला असतो. तिथून वर्ष धरलं की खरीप, मग रब्बी, मग उन्हाळी, अशी एका पावसावरची सगळी पिकं एकाच वर्षाच्या नोंदीत बसतात. जानेवारीपासून धरलं असतं तर ऑक्टोबरात पेरलेला हरभरा एका सालात आणि काढलेला दुसऱ्या सालात गेला असता. सातबाऱ्यातला बारा नंबर, म्हणजे पिकांची नोंद, याच वर्षाप्रमाणे चालतो. पूर्वी तलाठी बांधावर येऊन पिकं बघायचा. २०२१पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर नोंद करायची सोय झाली. ती तेवढी चुकवू नका. नुकसानभरपाईच्या वेळी तीच नोंद विचारतात.

कराडच्या ताईंना वर सांगितलं ते इथे जुळतं. दक्षिण सातारा जिल्हा १ ऑगस्टला सुरू झाला, तो महसुली वर्षाचा पहिला दिवस होता.

भगवानदादांचा जन्म खरंच अमरावतीचा?
— एक सिनेमावेडा, परळ

हो. १ ऑगस्ट १९१३, अमरावती. भगवान आबाजी पालव. वाढले मात्र तुमच्याच भागात, दादर-परळच्या चाळींत, गिरणी कामगाराच्या घरात. ‘अलबेला’ १९५१चा, संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांचं. पुढच्या कित्येक नटांनी जी पावलं टाकली ती या माणसाची. आणि मुंबईत जन्मलेल्या मीनाकुमारींची तारीखही हीच, साल १९३३. दोघांच्या चित्रपटांचा खेळ लावायला यापेक्षा चांगला दिवस मिळायचा नाही.

आईच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे, तिच्या चारही भावंडांची १ जूनच! आजी सांगायची, ‘तू टिळक पुण्यतिथीला झालीस, दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती.’ साल कुणालाच आठवत नाही, साठ-सत्तरच्या मधलं असावं. खरी तारीख सापडेल का?
— एक लेक, डोंबिवली

सापडेल, आणि आजीने तुम्हाला जवळजवळ सगळं देऊन ठेवलंय. १ जूनचं कारण महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तर मूल बघून वय ठरवायचे आणि पहिलीत बसेल अशी तारीख टाकायचे. भावंडांत फक्त साल बदलायचं.

आता आजीच्या खुणा बघा. १ ऑगस्ट तर मिळालीच. उरलं साल. नागपंचमी म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी, ती २ ऑगस्टला आली असं वर्ष शोधायचं. तिथी आणि तारखेची जोडी साधारण एकोणीस वर्षांनी परत जुळते, म्हणून तुम्ही सांगता त्या दहा वर्षांत असं वर्ष सहसा एखादंच निघेल. सोलापूरच्या दाते पंचांगाचे जुने अंक मोठ्या वाचनालयांत असतात. ग्रंथपालांना सांगा, त्या दहा वर्षांतली श्रावणाची पानं तेवढी काढून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. नागपंचमीचा वार आजी कधी बोलली असेल, तर तोही ताडून बघा.

साल हाती आलं की मग गावी जा. जन्ममृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात असते, तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागता येते. एक ध्यानात ठेवा : त्यात मुलीचं नाव बहुधा नसतं, बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगी’ एवढंच. म्हणून आजोबांचं नाव कागदोपत्री कसं लिहिलं जायचं ते आधी विचारून घ्या. आणि नोंदीची तारीख जन्माच्या नंतरची असू शकते, कारण कोतवालाला खबर मिळाली की तो लिहायचा. १ ऑगस्टऐवजी ५ किंवा ८ तारीख दिसली तर हिरमुसू नका, ‘जन्म’ आणि ‘नोंद’ असे दोन रकाने आहेत का ते बघा.

पेन्शन, पासपोर्ट, बँक यांच्यासाठी दाखल्यावरची तारीखच चालू ठेवा, या वयात ती बदलायच्या भानगडीत पडू नका. नक्कल मिळाली तर तिची झेरॉक्स मला जरूर पाठवा. आईचं नाव झाकून पाठवलीत तरी चालेल, मला कोतवालाचं अक्षर बघायचंय.